४८ भोकं, २१ वार : मॅकडोनाल्ड खटल्याच्या बैठकीत वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेले चार रविवार आम्ही आठ-दहा जण गंगापूर रोडला एका मित्राच्या गच्चीवर बसून अमेरिकेतला एक जुना खुनाचा खटला वाचतोय. चार वकील, एक निवृत्त फौजदार, पॅथॉलॉजी शिकवणाऱ्या एक मॅडम, बाकी एलएलबीची मुलं. दर वेळी दोन-तीन नवे चेहरे येतात, तेच प्रश्न विचारतात, पहिला तास त्यातच जातो आणि भेळ आली की चर्चेचा बट्ट्याबोळ. म्हणून एकदाचं लिहून टाकतोय. मी जिल्हा न्यायालयात फौजदारी वकिली करतो, बहुतेक वेळा आरोपीकडून. तो कल उत्तरांत दिसेल. तेवढा वजा करून वाचा.

हा खटला नेमका कुठला?

जेफ्री मॅकडोनाल्डचा. १७ फेब्रुवारी १९७० च्या पहाटे नॉर्थ कॅरोलायनातल्या फोर्ट ब्रॅग या लष्करी तळावर त्याची गरोदर बायको आणि पाच व दोन वर्षांच्या दोन मुली राहत्या घरात मारल्या गेल्या. मॅकडोनाल्ड लष्करात डॉक्टर, हुद्दा कॅप्टन, वय २६. त्याचं म्हणणं असं की तो दिवाणखान्यात सोफ्यावर झोपला होता. तीन पुरुष आणि हातात मेणबत्ती घेतलेली सोनेरी केसांची एक बाई घरात घुसली आणि त्यांनी हा प्रकार केला. त्याच्या छातीत एक वार होता, फुफ्फुसाला भोक पडलं होतं. बाकी जखमा किरकोळ.

लष्कराने त्याच्यावर आरोप ठेवले आणि ऑक्टोबर १९७० मध्ये काढून घेतले. आधी जावयाच्या बाजूने उभा राहिलेला सासरा पुढे त्याच्याच मागे लागला. १९७५ मध्ये पुन्हा आरोप, २९ ऑगस्ट १९७९ ला ज्यूरीने दोषी ठरवलं, एकामागून एक भोगायच्या तीन जन्मठेपा. १९८० मध्ये खटल्याला फार उशीर झाला या मुद्द्यावर शिक्षा रद्द झाली आणि तो बाहेर आला. १९८२ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला आणि तो परत आत गेला. तेव्हापासून तो एकच सांगत आलाय, मी केलं नाही.

आपल्याला नाशकात बसून याच्याशी काय देणंघेणं?

हा प्रश्न विचारणाऱ्याला मी आपल्याच कोर्टातली केस आठवून देतो. जून २००३ मध्ये नाशिक जिल्ह्यात एका पेरूच्या बागेतल्या झोपडीवर दरोडा पडला, माणसं मारली गेली. भटक्या जमातीतल्या सहा जणांना नाशिकच्या सत्र न्यायालयाने २००६ मध्ये फाशी सुनावली. उच्च न्यायालयाने २००७ मध्ये तिघांची फाशी कायम केली आणि तिघांना जन्मठेप दिली. सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये सहाही जणांना फाशी सुनावली. आणि त्याच सर्वोच्च न्यायालयाने ५ मार्च २०१९ ला सहाही जणांना निर्दोष सोडलं, वर प्रत्येकी ५ लाख रुपये द्यायला सांगितले. वाचलेल्या साक्षीदार बाईंनी सुरुवातीला पोलिसांकडच्या फोटोंमधून भलतेच चार जण ओळखले होते. ती गोष्ट सरकार पक्षाने कोर्टापुढे येऊच दिली नव्हती.

ती केस ओळखीच्या पुराव्याची होती, पुनर्रचनेची, म्हणजे खुणांवरून घटना कशी घडली ते मांडण्याची, नव्हती, हे मला माहीत आहे. पण तीन पायऱ्यांवरच्या न्यायाधीशांना एकच कथा पटत गेली आणि ती कथा चुकीची होती, एवढं घडू शकतं हे डोक्यात बसायला ती पुरेशी आहे.

पुनर्रचना म्हणजे पंचनामाच ना?

नाही, आणि सगळी गफलत इथेच होते. पंचनाम्यात लिहिलेलं असतं, ‘स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापासून दोन फुटांवर रक्ताचं थारोळं दिसून आले.’ पुनर्रचना म्हणते, ‘तिला इथे मारलं आणि तिथवर ओढत नेलं.’ पहिलं वाक्य टेप लावून तपासता येतं. दुसऱ्यात क्रियापद आलं, आणि क्रियापदाच्या मागोमाग गुपचूप कर्ता येऊन बसतो.

२१ डिसेंबर १९०९ ला आपल्या विजयानंद थिएटरात अनंत कान्हेरेंनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या, तेव्हा भरलेलं थिएटर साक्षीला होतं. तिथे पुनर्रचनेची गरज पडली नाही. ती पडते चार भिंतींच्या आत, पाहणारं कुणी उरलेलं नसतं तेव्हा.

पंचनामाही काही वेदवाक्य नसतो म्हणा. माझ्या एका जुन्या केसमध्ये घटनास्थळाच्या कच्च्या नकाशात दार पूर्वेला काढलं होतं आणि आरोपी त्याच दारातून पळाला अशी सगळी मांडणी. मी जाऊन पाहिलं तर पूर्वेला सलग भिंत, पलीकडे शेजाऱ्याचा गोठा. पंचांनी खाली सही केली होती. पंच सही करतातच.

४८ भोकं आणि २१ वार ही काय भानगड?

या खटल्याचा जीव त्यातच आहे. मॅकडोनाल्डच्या निळ्या पायजम्याच्या शर्टाला बर्फ फोडायच्या टोच्याने पडलेली ४८ भोकं होती. तो म्हणाला, हल्ला झाला तेव्हा शर्ट माझ्या मनगटांभोवती गुंडाळला गेला होता, मी त्यानेच वार अडवले. नंतर तो शर्ट बायकोच्या छातीवर पांघरला. बायकोच्या छातीवर टोच्याचे वार होते २१.

एफबीआयच्या प्रयोगशाळेतल्या पॉल स्टॉम्बॉ यांनी साक्ष दिली की शर्ट विशिष्ट प्रकारे घडी पडलेला धरला, तर २१ वारांत ही ४८ भोकं पडलेली असू शकतात. म्हणजे शर्ट तिच्या अंगावर होता आणि त्याच्यावरून वार झाले. म्हणजे त्याची गोष्ट खोटी. शिवाय भोकं गोल आणि स्वच्छ होती. हलत्या कापडाला टोचा लागला असता तर ती फाटली असती.

ज्यूरीसमोर मांडलेली ती घडी किती प्रभावी दिसली असेल, कल्पना करा. बचाव पक्षाचा आक्षेप असा की काही भोकांची दिशा, म्हणजे टोचा आतून बाहेर गेला की बाहेरून आत, प्रयोगशाळेच्या पहिल्या नोंदींत लिहिलेली होती आणि ही घडी ती दिशा पाळत नाही.

तुम्ही गच्चीवर शर्ट भोसकून पाहिला म्हणे?

पाहिला. माझाच जुना सुती शर्ट. कुणी बघत नसताना मी तो वेडावाकडा दुमडून पोत्यावर ठेवला आणि दाभणाने नऊ वेळा टोचला. उलगडून मोजली तर २० भोकं. मग दोन मुलांना वेगवेगळं बसवून शर्टाची दोन झेरॉक्स चित्रं आणि शर्ट दिला. ‘नऊ वारांत बसवा.’ पहिल्याला चाळीस मिनिटं लागली, दुसऱ्याला तासाहून जास्त. दोघांनीही बसवलं. दोघांच्या घड्या वेगळ्या, आणि एकाचीही माझ्या घडीशी जुळत नव्हती.

तिसरी मुलगी आली तिला मी मुद्दाम खोटं सांगितलं, वार आठ. बाहीचं कापड आत दुमडून तिने आठातही बसवलं आणि विजयी चेहऱ्याने शर्ट माझ्यासमोर धरला.

निवृत्त फौजदारसाहेब तिथेच म्हणाले, ‘वकीलसाहेब, त्यांना छातीवरच्या जागाही जुळवायच्या होत्या. तुमच्या पोत्यावर कुठे जागा होत्या?’ बरोबर आहे. त्यांचं काम आमच्यापेक्षा अवघड होतं, आणि आमचा खेळ म्हणजे काही प्रयोगशाळा नव्हे. पण एक गोष्ट त्या संध्याकाळी सगळ्यांना हाताने कळली. उत्तर किती यायला हवं हे आधी ठाऊक असलं की कापड बरंच समजूतदार होतं.

म्हणजे पुनर्रचना टाकाऊच?

तसं नाही. जी पुनर्रचना चुकीची ठरू शकते ती कामाची. याच खटल्यातलं टीपॉयचं उदाहरण घ्या. दिवाणखान्यातला टीपॉय कडेवर उभा पडलेला सापडला. तपास करणाऱ्यांनी तो पुन्हा पुन्हा पाडून पाहिला. वरचा भाग जड असल्यामुळे दर वेळी पूर्ण उलटा व्हायचा, कडेवर थांबायचा नाही. त्यावरून निष्कर्ष, झटापट झालीच नाही, हे दृश्य रचलेलं आहे. लष्करी चौकशीचे प्रमुख कर्नल वॉरेन रॉक स्वतः त्या घरात गेले आणि त्यांनी टीपॉय पाडला. तो शेजारच्या झुलत्या खुर्चीला अडकला आणि कडेवर थांबला.

एवढ्याने मॅकडोनाल्ड निर्दोष ठरत नाही. पण ‘असं होऊच शकत नाही’ या वाक्याची किंमत तेवढ्यात शून्य झाली. टीपॉयचा दावा पाडून पाहण्याजोगा होता म्हणून तो पडला. घडीचा दावा पाडायचा कसा? कुठली घडी सापडली नसती तर स्टॉम्बॉ यांनी आपला तर्क चुकला असं मानलं असतं? शर्टाबाबत माझी तक्रार एवढीच आहे, आणि आमच्या गटातले दोघे अजून माझ्याशी सहमत नाहीत.

कोर्टात सरकारी वकिलांनीच एकमेकांवर हल्ला केला, हे खरं?

खरं आहे. बचावाच्या तज्ज्ञाने डुकराच्या मांसावर कापड ठेवून, ते हलवत टोचून दाखवलं होतं की हलत्या कापडालाही गोल भोकं पडतात. त्याला उत्तर म्हणून एका सरकारी वकिलाने पायजम्याचा शर्ट हातांना गुंडाळला आणि दुसरा सरकारी वकील टोचा घेऊन त्याच्यावर धावला. कापड फाटलं, लांबट चिरा पडल्या, आणि अडवणाऱ्याच्या हाताला खरोखरची लहानशी जखमही झाली. मॅकडोनाल्डच्या हातांवर तशा जखमा नव्हत्या.

नाटक म्हणून बिनतोड. पुरावा म्हणून? दोन्ही नटांना शेवट माहीत होता. पण डुकराच्या मांसालाही तोच आक्षेप लागतो, हे आरोपीच्या वकिलांनी विसरू नये.

मग शिक्षा झाली ती फक्त शर्टावर?

नाही, आणि बरेच लोक इथे घसरतात. या घरात एक विलक्षण योगायोग होता. चौघांचे रक्तगट चार. बायकोचा ए, मॅकडोनाल्डचा बी, मोठ्या मुलीचा एबी, धाकटीचा ओ. डीएनए येण्याच्या कितीतरी आधी, कोणाचं रक्त कुठल्या खोलीत सांडलं हे जवळजवळ नावानिशी सांगता येत होतं. मोठ्या मुलीचं रक्त आईवडिलांच्या खोलीच्या दाराशी मिळालं आणि ती सापडली स्वतःच्या अंथरुणात. म्हणजे तिला कुणीतरी उचलून नेलं. शर्टाचे धागे बायकोच्या शरीराखाली मिळाले. शर्ट नंतर वरून पांघरला असेल तर धागे खाली कसे? हा प्रश्न मला शर्टाच्या घडीपेक्षा दसपट जड वाटतो. यालाही पुनर्रचनाच म्हणतात, पण हिच्यात उड्या कमी आहेत.

दुसरी बाजूही सांगतो. घटनास्थळाची अक्षरशः वाट लागली होती. रुग्णवाहिकेच्या चालकाने पाकीट चोरलं, पडलेली कुंडी कुणीतरी उभी करून ठेवली, आरोपीच्या पायजम्याची विजार हॉस्पिटलात कचऱ्यात गेली. ज्या खोलीत माणसं वस्तू हलवत फिरली, त्या खोलीतल्या वस्तूंच्या जागेवरून रात्रीची गोष्ट सांगायची हिंमत करताना आवाज जरा खाली ठेवावा.

रक्ताचे शिंतोडे तर गणित आहे. त्यात मतभेद कसला?

थेंबापुरतं गणित आहेच. थेंब तिरका पडला की लांबट होतो. रुंदीला लांबीने भागलं की पडण्याच्या कोनाची साइन मिळते. ४ मिमी रुंद, ८ मिमी लांब डाग असेल तर कोन ३० अंश. इथवर भांडण नाही. पुढे या डागांपासून मागे दोऱ्या ताणून ‘रक्त इथून उडालं’ म्हणतात. दोरी सरळ असते, थेंबाचा मार्ग वाकडा असतो, कारण गुरुत्वाकर्षण आणि हवा दोन्ही आपलं काम करतात. त्यामुळे उगम खरा होता त्यापेक्षा वर दाखवला जातो. आणि कपड्यावर रक्त झिरपतं, पसरतं, तिथे फरशीवरचे नियम चालत नाहीत.

इंडियानातल्या डेव्हिड कॅमचं उदाहरण मुलांना मी नेहमी देतो. सप्टेंबर २००० मध्ये त्याची बायको आणि दोन मुलं गोळ्या घालून मारली गेली. त्याच्या टी-शर्टवर आठ बारीक डाग. सरकारी तज्ज्ञ म्हणाले, गोळी लागताना उडालेलं रक्त, म्हणजे हा तिथे होता. बचावाचे तज्ज्ञ म्हणाले, मुलाला गाडीतून काढताना मुलीच्या केसांना शर्ट घासला. तेच आठ डाग, दोन्हीकडे पदवीधर माणसं. २००२ आणि २००६ मध्ये तो दोनदा दोषी ठरला, दोन्ही निकाल रद्द झाले, २०१३ मध्ये तिसऱ्या खटल्यात सुटला. मधल्या काळात जागेवर सापडलेल्या एका स्वेटशर्टवरच्या डीएनएने दुसराच माणूस सापडला होता आणि त्यालाही शिक्षा झाली होती.

अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने २००९ च्या अहवालात या विषयातली अनिश्चितता प्रचंड आहे असं साफ लिहिलं.

सरकारी प्रयोगशाळेतला माणूस खोटं कशाला बोलेल?

बोलत नाही. त्याला खोटं बोलायची गरजच नसते. त्याच्याकडे मुद्देमालाबरोबर पोलिसांचं पत्र येतं, त्यात आरोपीचं नाव आणि घटनेची हकीकत आधीच असते. एफबीआयने सूक्ष्मदर्शकाखाली केस जुळवून दिलेल्या आपल्याच जुन्या साक्षी तपासल्या, तेव्हा २०१५ मध्ये कबूल करावं लागलं की बघितलेल्या साक्षींपैकी किमान ९० टक्क्यांत चुकीची विधानं होती. ती सगळी माणसं लबाड नव्हती. मॅडमचं म्हणणं आहे की पोलिसांची हकीकत लॅबला पाठवूच नये, फक्त वस्तू आणि प्रश्न पाठवावा. मला पटतं. फौजदारसाहेबांना पटत नाही. ते म्हणतात, हकीकत नसेल तर काय शोधायचं हे त्यांना कळणार कसं.

आपल्या कायद्यात तज्ज्ञाच्या मताला किती किंमत?

मत म्हणून. पुरावा कायद्याचं कलम ४५ आता भारतीय साक्ष्य अधिनियमात कलम ३९ झालं आहे. तज्ज्ञ न्यायाधीशाला मदत करतो, निकाल देत नाही. १ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६(३) नुसार सात वर्षं वा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जायचं आहे. त्यासाठी राज्यांना टप्प्याटप्प्याने पाच वर्षांची मुदत आहे. चांगली गोष्ट आहे, पण त्यामुळे पुनर्रचनेची मतं वाढणार, कमी होणार नाहीत.

सीए रिपोर्ट, म्हणजे सरकारी लॅबमधल्या केमिकल अ‍ॅनालायझरचा अहवाल, साक्षीदार न बोलावता वाचला जातो, ही सवय सगळ्यांना लागली आहे. ‘मानवी रक्त, गट बी’ इथवर ते ठीक. रिपोर्टात ‘हल्लेखोर डावीकडून आला असावा’ असलं वाक्य दिसलं तर अर्ज करा, त्या माणसाला पिंजऱ्यात बोलवा.

टीव्हीवर दाखवतात, आरोपीला घटनास्थळी नेऊन पोलिसांनी गुन्ह्याची पुनर्रचना केली. ती हीच का?

मुळीच नाही. ते कोठडीतल्या माणसाने पोलिसांपुढे हातवारे करून दिलेलं कबुलीजबाब आहे, आणि पोलिसांपुढचा कबुलीजबाब पुराव्यात चालत नाही. पूर्वीची कलमं २५ ते २७, आता साक्ष्य अधिनियमाचं कलम २३. त्याने सांगितल्यामुळे नवीन वस्तू सापडली, तर तेवढ्यापुरतंच विधान ग्राह्य. डमी झोपवून ‘असा मारला’ दाखवलं, त्याचं शूटिंग झालं, चॅनेलवर तीन दिवस चाललं, तरी कायद्याच्या दृष्टीने ते शून्य. मुलांच्या घरी मात्र ‘त्याने करून दाखवलं ना?’ हेच डोक्यात राहतं.

नार्को?

सर्वोच्च न्यायालयाच्या २०१० च्या सेल्वी निकालानंतर संमतीशिवाय नाही. पुढे चला.

डीएनएने मॅकडोनाल्डचा सोक्षमोक्ष लागला नाही का?

२००६ मध्ये निकाल आले. बायकोच्या हातातला केस मॅकडोनाल्डचाच निघाला. तीन केस मात्र घरातल्या कोणाशीच जुळले नाहीत. एका बाजूने पहिलं वाक्य मोठ्या अक्षरांत छापलं, दुसऱ्याने दुसरं. २०१४ मध्ये जिल्हा न्यायालयाने त्याची मागणी फेटाळली, २०१८ मध्ये वरच्या कोर्टाने तेच कायम केलं. नवऱ्याचा केस बायकोच्या हातात सापडणं आणि घरात परका केस सापडणं, दोन्हींना निरुपद्रवी कारणं असू शकतात. डीएनए ‘कोणाचा’ एवढंच सांगतो, ‘कधी’ आणि ‘कसा’ सांगत नाही.

एका वाक्यात सांगा, दोषी की निर्दोष?

मला वाटतं, त्याची गोष्ट रक्ताशी आणि धाग्यांशी जुळत नाही. आणि तरीही शर्टाची घडी ज्यूरीसमोर जायला नको होती, असंही मला वाटतं. ही दोन वाक्यं एकत्र नांदू शकतात. ‘गुन्हेगार असेल तर पुरावा कच्चा असला म्हणून काय बिघडलं’ असं कुणी म्हणालं की मी सर्वोच्च न्यायालयाचा शिवाजी साहेबराव बोबडे, १९७३ हा निकाल उघडतो. ‘असू शकतो’ आणि ‘असलाच पाहिजे’ यांच्यात लांबचं अंतर आहे, असं तिथे म्हटलंय. १९८४ मध्ये शरद सारडा निकालात परिस्थितिजन्य पुराव्याच्या पाच कसोट्या घातल्या, तेव्हा हेच वाक्य पायाशी होतं. पुनर्रचना फार तर ‘असू शकतो’पर्यंत सोडते, पुढचं चालणं सरकार पक्षाने दुसऱ्या पुराव्याच्या पायांनी करायचं.

ज्युनिअरने अशा तज्ज्ञाची उलटतपासणी कशी घ्यावी?

विज्ञानावर भांडू नका, हराल. तो आयुष्यभर तेच करतोय. मी आधी विचारतो, मुद्देमाल हातात यायच्या आधी हकीकत वाचली होती का? मग, दुसऱ्या किती शक्यता तपासल्या आणि त्यांच्या नोंदी कुठे आहेत? बहुतेकदा नोंदी नसतात, आणि तिथे दोन मिनिटं गप्प उभं राहावं. मग, कोणती खूण सापडली असती तर तुमचं मत बदललं असतं? प्रामाणिक तज्ज्ञ याचं उत्तर देतो, आणि ते उत्तर तुमच्या विरोधात जाऊ शकतं. त्यामुळे हा प्रश्न फाइल पूर्ण वाचल्याशिवाय विचारू नका. एकदा मी वाचली नव्हती. अशीलाने नंतर जेलमधून पत्र पाठवलं, त्यात मला एक शब्दही लागेल असा नव्हता, त्यामुळेच ते अजून जपून ठेवलंय.

खालच्या कोर्टात हे काहीच विचारलं गेलं नसेल तर?

अपिलात नवीन पुरावा घेता येतो. फौजदारी प्रक्रिया संहितेचं जुनं कलम ३९१, आता नागरिक सुरक्षा संहितेचं ४३२. सहजासहजी मिळत नाही. नक्कल अर्ज करून मुद्देमालाचे फोटो आणि लॅबची मूळ कामाची कागदं मागवा, नुसता रिपोर्ट नको. कागदं मिळेपर्यंत तारखा पडतील, त्याची तयारी ठेवा.

पुढची बैठक?

येत्या रविवारी, सहा वाजता, त्याच गच्चीवर. विषय कॅमचा टी-शर्ट. मॅडम बीटाचा रस घट्ट करून आणणार आहेत, शिंतोडे उडवायला. जुने पांढरे बनियन प्रत्येकाने दोन आणा, एक झटकून शिंतोडे उडवलेला आणि एक केसांना घासलेला डाग पाडायला. घरमालक मित्राची एकच अट आहे, गच्ची धुऊन द्यायची.